तागडी खोटी असली तर? दीर्घिकासमूह तोलण्याची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)

इयरफोन लावलेत ना? आजचा भाग वीसेक मिनिटांचा आहे. ठाण्याहून फास्ट पकडली असेल तर दादर येईपर्यंत संपेल.

सुरुवात एका तागडीपासून करते. माझ्या मामाचं सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात किराणा मालाचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं गल्ल्याशेजारी पोत्यावर बसून असायचे. एकदा एक आजी परत आल्या. पिशवी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "शेंगदाणे कमी भरल्यात." मामानं वाद घातला नाही. पण आपल्या तागडीवर पुन्हा तोलूनही दाखवलं नाही. तो पिशवी उचलून थेट समोरच्या दुकानात गेला आणि त्यांच्या काट्यावर ठेवली. मी नंतर विचारलं, "आपल्याच तागडीवर का नाही टाकलंस?" तर म्हणाला, "अगं, तागडीच खोटी असली तर ती दहा वेळा तेच सांगणार. दुसऱ्याच्या काट्यावर टाकायचं."

शेंगदाणे बरोबर भरले की कमी, ते शेवटी सांगते. आज विषय आहे विश्वातल्या सगळ्यात जड वस्तूंचं वजन. ते करायला तीन वेगवेगळे काटे आहेत, आणि हे काटे एकमेकांशी पटत नाहीत तेव्हा काय होतं, ते आज बघू.

तोलायचंय काय?

आपली आकाशगंगा म्हणजे एक दीर्घिका. तिच्यात शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत. अशा शेकडो, कधी हजारावर दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणानं बांधल्या जाऊन एकत्र राहतात, त्याला म्हणायचं दीर्घिकासमूह. इंग्रजीत ज्याला गॅलेक्सी क्लस्टर म्हणतात तो. याची रुंदी साधारण कोटभर प्रकाशवर्षं. गुरुत्वाकर्षणानं घट्ट बांधलेली याहून मोठी वस्तू विश्वात नाही.

वजन किती? लहानपणी घोकलेलं "एकं, दहं, शतं" आठवतंय? आपण अब्जापाशी थांबतो. पण भास्कराचार्यांच्या लीलावतीतली यादी पुढे जाते: खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आजवर मला प्रश्न पडायचा की जलधी आणि अंत्य हे शब्द वापरायचे कुठे. तर इथं! जलधी म्हणजे एकावर चौदा शून्यं, अंत्य म्हणजे पंधरा. मोठ्या दीर्घिकासमूहाचं वस्तुमान साधारण एक जलधी ते एक अंत्य सूर्यांइतकं असतं.

(वजन आणि वस्तुमान यात फरक आहे, मला माहितीये. भौतिकशास्त्राच्या सरांनी कृपया मेसेज करू नये. आज बोलण्याच्या ओघात "वजन" म्हणेन तेव्हा वस्तुमान समजा.)

पहिला काटा: वेग

१९३३ साल. फ्रिट्झ झ्विकी नावाचा एक स्विस खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेत कॅलटेकमध्ये काम करत होता. त्यानं कोमा नावाचा दीर्घिकासमूह घेतला. त्यातल्या दीर्घिका किती वेगानं इकडेतिकडे फिरतात हे बघितलं.

गोफण फिरवलीये कधी? दगड जितका जोरात फिरवाल तितकी दोरी जास्त ताणली जाते. दोरी कच्ची असेल तर दगड सुटून जाईल. कोमामधल्या दीर्घिका इतक्या जोरात फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण ही दोरी फारच कच्ची होती. हा समूह केव्हाच उधळून जायला हवा होता. पण तो तर समोर शाबूत दिसतोय. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्याला धरून आहे. झ्विकीनं त्याला "काळा पदार्थ" म्हटलं. आज आपण कृष्णद्रव्य म्हणतो.

त्याचा हिशोब होता की दिसतंय त्याच्या चारशे पट पदार्थ असला पाहिजे. हा आकडा आता खूप खाली आलाय. तेव्हा अंतरं चुकीची धरली जात होती, आणि समूहात ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त तप्त वायू असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आकडा चुकला, पण मूळ निष्कर्ष टिकला. आजच्या हिशोबानं समूहातलं साधारण ८५ टक्के वस्तुमान कृष्णद्रव्याचं आहे. उरलेल्यात बहुतेक वायू, आणि तारे अगदी दोन-चार टक्के.

दुसरा काटा: वायू

समूहातला हा वायू काही कोटी अंशांइतका तापलेला असतो. इतका तापलेला वायू क्ष-किरण सोडतो. हे किरण पृथ्वीच्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून त्यांच्या दुर्बिणी उपग्रहांवर असतात. यामागचा तर्क सोपा आहे: तापलेला वायू बाहेर पसरू बघतो, गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं. दोन्ही जोर सारखे आहेत असं धरलं, की वायूच्या तापमानावरून आणि दाटपणावरून आत ओढणारं वस्तुमान किती ते निघतं.

पण "असं धरलं" या शब्दांवर बोट ठेवा. पहिला काटा धरतो की दीर्घिकांची धावपळ स्थिरावली आहे. दुसरा धरतो की वायू शांत बसलाय. आणि समूह तर अजून घडतायत. बाहेरून नवा माल येऊन पडतोय, कधी दोन समूह एकमेकांवर आदळतायत. उकळत्या आमटीची पातळी पट्टीनं मोजण्यासारखं आहे हे.

मग असा काटा हवा, ज्याला आतला पदार्थ शांत आहे की खवळलाय, तप्त आहे की थंड, दिसतो की नाही, यानं काहीच फरक पडत नाही.

तिसरा काटा: प्रकाशाचं वाकणं

आइनस्टाइननं १९१५ मध्ये सांगितलं की वस्तुमान जागेलाच वाकवतं, आणि त्यातून जाणारा प्रकाशही वाकतो. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकला वाकायला हवा होता. एका अंशात ३६०० विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं तीन किलोमीटरवर ठेवलं तर जेवढं दिसेल, तेवढा हा कोन. मोजमापं त्या आकड्याच्या बाजूनं आली.

मग १९३७ मध्ये आपल्या त्याच झ्विकीनं लिहिलं, की एकटा तारा सोडा, अख्खी दीर्घिकाच भिंगासारखी वागेल, आणि त्यावरून तिचं वजन करता येईल. लिहिलं, पण करणार कोण? तेव्हाच्या फोटोग्राफीच्या काचा त्या तोलाच्या नव्हत्या. थेट १९८० च्या दशकात एबेल ३७० नावाच्या समूहाच्या फोटोत एक लांबलचक तेजस्वी कमान दिसली. ती होती मागच्या, कितीतरी दूरच्या दीर्घिकेची भिंगातून ओढली गेलेली प्रतिमा.

अशा कमानी दिसायला झकास, पण त्या फक्त समूहाच्या गाभ्यापाशी बनतात. तिथं भिंग जोरदार असतं. समूहाचं बरंचसं वस्तुमान मात्र गाभ्याबाहेर पसरलेलं असतं, आणि तिथं भिंग इतकं हलकं असतं की एकेका दीर्घिकेकडे बघून काही कळतच नाही. याला म्हणतात क्षीण गुरुत्वीय भिंग, वीक लेन्सिंग. आज खरी गोष्ट याची आहे.

भाताचं शेत डोळ्यांसमोर आणा. एखादं रोप डावीकडे झुकलंय, एखादं उजवीकडे. एकच रोप बघून वारा कुठून येतो हे सांगता येईल का? नाही. ते मुळातच वाकडं उगवलं असेल. पण बांधावर उभं राहून अख्खं शेत बघितलं, की लगेच कळतं, वारा पश्चिमेचा आहे. एकेक रोप मनासारखं वाकडं, पण सगळ्यांची सरासरी वाऱ्याची दिशा सांगते.

समूहाच्या मागे, अब्जावधी प्रकाशवर्षं दूर, हजारो फिकट दीर्घिका असतात. कुणी लांबट, कुणी गोल, कुणी कशीही कललेली. समूहाजवळून येताना त्यांचा प्रकाश वाकतो आणि प्रतिमा समूहापासून थोडी बाहेर ढकलली जाते. आता गंमत अशी, की प्रतिमेची आतली कड जास्त ढकलली जाते आणि बाहेरची कमी. म्हणजे त्या दिशेनं प्रतिमा दाबली जाते. शिवाय ती आता मोठ्या वर्तुळावर गेली, म्हणून वर्तुळाच्या दिशेनं ताणली जाते. परिणाम? प्रत्येक दीर्घिका समूहाभोवतीच्या रिंगणात किंचित आडवी होते.

रस्त्यावर डोंबाऱ्याचा खेळ चाललाय आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून बघताय असं समजा. मधला माणूस झाडाआड आहे, दिसतच नाही. पण भोवतीची गर्दी कशी गोलाकार उभी आहे त्यावरून तुम्ही बोट ठेवून सांगता, की खेळ इथं चाललाय. गर्दी किती दाट, त्यावरून खेळ किती रंगलाय तेही कळतं. कृष्णद्रव्याचं वजन असंच होतं. ते स्वतः दिसत नाही, त्याच्याभोवतीचं रिंगण दिसतं.

आता आकडे. गाभ्यापासून दूर हा ताण साधारण ५ टक्क्यांचा असतो, अजून बाहेर गेलं की एक-दोन टक्के. आणि दीर्घिकांचे स्वतःचे आकार किती वेडेवाकडे? साधारण ३० टक्क्यांनी. म्हणजे ३० टक्क्यांच्या गोंगाटात ५ टक्क्यांची कुजबुज ऐकायची आहे. सरासरीचा नियम सांगतो की गोंगाट दीर्घिकांच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी होतो. ९०० दीर्घिका घेतल्या तर वर्गमूळ ३०, गोंगाट उरला १ टक्का. आता ५ टक्के स्वच्छ ऐकू येतात.

म्हणूनच हे सगळं डिजिटल कॅमेऱ्यांची वाट बघत थांबलं होतं. १९९० मध्ये अँथनी टायसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, वाल्देस आणि वेंक यांनी, एबेल १६८९ आणि आणखी एका समूहाभोवती मागच्या फिकट निळ्या दीर्घिकांचं हे रिंगण पहिल्यांदा दाखवलं. १९९३ मध्ये निक कायझर आणि गॉर्डन स्क्वायर्स यांनी या आकारांवरून उलटा हिशोब करून वस्तुमानाचा नकाशाच कसा काढायचा ते गणित मांडलं. झ्विकीच्या लेखाला तोवर अर्धशतकाहून जास्त काळ लोटला होता.

दोन मिरवणुका

या नकाशाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बुलेट क्लस्टर. दक्षिण आकाशातले दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेलेत. गणपतीच्या दोन मिरवणुका अरुंद गल्लीत समोरासमोर आल्या की काय होतं? ढोलपथकं एकमेकांत अडकतात. कडेनं चालणारी सुटी माणसं मात्र वाट काढत पुढे जातात. इथं वायू म्हणजे ढोलपथकं. तो मधेच अडकला, क्ष-किरणांत स्पष्ट दिसतो. दीर्घिका म्हणजे सुटी माणसं, त्या पुढे गेल्या.

आता लक्षात घ्या, समूहात ताऱ्यांपेक्षा वायू कितीतरी जास्त असतो. कृष्णद्रव्य नावाचं काही नसतं, तर बहुतेक वजन वायूपाशी, म्हणजे मधे सापडायला हवं होतं. २००६ मध्ये डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी क्षीण भिंगातून नकाशा काढला. वजन मधे नव्हतंच. ते दोन्ही बाजूंना, दीर्घिकांसोबत पुढे गेलेलं होतं. वेगाचा किंवा वायूचा काटा इथं कामाचा नव्हता, कारण इथं काहीच शांत नव्हतं. तिसऱ्या काट्याला त्याचं सुखदुःख नाही.

पण हा काटा तरी खरा कशावरून?

मामाचा प्रश्न इथंही लागू आहे. या काट्यात चुका शिरायच्या तीन मोठ्या वाटा आहेत.

पहिली, कॅमेरा. मोबाइलच्या लेन्सवर तेलकट बोट लागलं असताना रात्री रस्त्यावरच्या दिव्यांचा फोटो काढून बघा. सगळे दिवे एकाच दिशेनं ओढलेले दिसतात. दुर्बिणीलाही असंच होतं, वर हवेची थरथर वेगळीच. आपण शोधतोय एक-दोन टक्क्यांचा ताण, आणि कॅमेराच त्याहून जास्त ताण देतो! इथं आपल्याच आकाशगंगेतले तारे मदतीला येतात. तारा इतका दूर की तो फोटोत नुसता ठिपका असायला हवा. तो लांबट दिसला, तर ती लबाडी कॅमेऱ्याची किंवा हवेची. फोटोभर पसरलेल्या ताऱ्यांवरून ती किती आहे ते शिकायचं आणि दीर्घिकांच्या आकारातून वजा करायचं.

दुसरी, मागचं कोण आणि पुढचं कोण. भिंगाच्या मागे असलेल्या दीर्घिकाच ताणल्या जातात. समूहातली किंवा अलीकडची दीर्घिका चुकून मागची समजून मोजली, तर तिच्यात ताण नसतो. दुधात पाणी. समूह आहे त्यापेक्षा हलका वाटतो. प्रत्येक फिकट दीर्घिकेचं अंतर नीट मोजायला वेळ पुरत नाही, म्हणून चार-पाच रंगांच्या फिल्टरमधून फोटो घेऊन रंगावरून अंतराचा अंदाज बांधतात.

तिसरी वाट खुद्द समूहाच्या आकाराची. समूह चेंडूसारखे गोल नसतात, बरेचसे काकडीसारखे लांबट असतात. काकडीचं टोक आपल्याकडे असेल तर दृष्टीच्या रेषेत जास्त माल येतो आणि वजन जास्त भरतं. आडवी असेल तर कमी. एकट्या समूहाच्या वजनात यामुळे २० टक्क्यांची चूक सहज होते. उपाय एकच: पुष्कळ समूह घ्या आणि सरासरी काढा.

माझी चूक

आता एक कबुली. एम.एस्सी.ला माझा प्रकल्प याच विषयावर होता. सर्वांसाठी खुल्या असलेल्या आकाशाच्या फोटोंवरून एका समूहाचा नकाशा काढायचा. समूह तर दिसलाच, पण फोटोच्या एका कोपऱ्यात आणखी एक ढीग दिसला. तिथं दीर्घिका जवळजवळ नाहीतच. म्हणजे निव्वळ कृष्णद्रव्याचा ढीग? मी दोन रात्री झोपले नाही. पेपरचं शीर्षकसुद्धा मनात तयार होतं.

मॅडमना दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पंचेचाळीस अंशात फिरवून बघितलंस?"

ही या क्षेत्रातली ठरलेली चाचणी आहे. गुरुत्वाकर्षण दीर्घिकांचं रिंगण करतं, पण भिरभिरं करत नाही. म्हणजे दीर्घिका वर्तुळाला धरून आडव्या होतील, पण भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या सगळ्या तिरक्या होणार नाहीत. म्हणून काय करायचं, प्रत्येक दीर्घिकेचा आकार ४५ अंशात फिरवायचा आणि तोच नकाशा पुन्हा काढायचा. खरा ढीग असेल तर तो पुसला जायला हवा, नुसता गोंगाट उरायला हवा. कॅमेऱ्याच्या चुकीला मात्र रिंगण आणि भिरभिरं यातला फरक कळत नाही. ती दोन्हीकडे दिसू शकते.

मी फिरवून बघितलं. समूह पुसला गेला. कोपऱ्यातला ढीग तस्साच राहिला.

कारण नंतर सापडलं. त्या कोपऱ्यातले तारे जरा विचित्र लांबट होते, म्हणून मी ते "खराब" समजून यादीतून काढून टाकले होते. म्हणजे जे तारे कॅमेऱ्याची लबाडी सांगत होते, त्यांनाच मी गप्प केलं होतं.

पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. ही चाचणी मला माहीत होती. समूहासाठी मी ती केलीसुद्धा होती. फक्त त्या कोपऱ्यासाठी केली नव्हती, कारण तिथलं उत्तर मला आवडलं होतं.

काटे भांडतात तेव्हा

ही एका विद्यार्थिनीची गोष्ट झाली. पण हाच प्रश्न मोठ्या मंडळींपुढेही आला.

२०१३ मध्ये युरोपच्या प्लँक उपग्रहाचे निकाल आले. प्लँकनं विश्वाच्या बालपणीचा प्रकाश मोजला होता. त्यावरून हिशोब केला तर आज आकाशात अमुक इतके जड दीर्घिकासमूह असायला हवेत असं निघत होतं. त्याच प्लँकनं तप्त वायूच्या सावलीवरून समूह मोजले, त्यातले १८९ हिशोबाला घेतले, आणि ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले.

आता दोनच शक्यता. एक, विश्वाबद्दलची आपली समज कुठेतरी चुकतेय, काहीतरी नवं भौतिकशास्त्र लपलंय. दोन, समूहांची वजनं चुकली आहेत. ही वजनं शेवटी वायूच्या काट्यावर बेतलेली होती. तो काटा २० टक्के कमी दाखवतो असं आधीच धरलेलं होतं. तो ४० टक्के कमी दाखवत असेल तर सगळं जुळत होतं. विश्वाचं कोडं की किराणा दुकानातली तक्रार?

मग तिसरा काटा काढला गेला. २०१४ मध्ये "वेइंग द जायंट्स" नावाच्या चमूनं, म्हणजे शब्दशः महाकायांचं वजन करणाऱ्यांनी, हवाईतल्या सुबारू दुर्बिणीचे फोटो वापरून क्षीण भिंगातून वजनं काढली. प्लँकची वजनं त्यांच्या वजनांच्या साधारण ७० टक्के भरली. २०१५ मध्ये हेंक हुक्स्ट्रा यांच्या चमूनंही हेच केलं, तर तिथं प्लँकची वजनं पाऊणपट निघाली. म्हणजे तक्रार खरी होती, वायूचा काटा अपेक्षेहून थोडा जास्तच कमी दाखवत होता. पण सगळी तफावत भरून निघेल इतकी ती चूक मोठीही नव्हती. उत्तर मधेच कुठेतरी लोंबकळत राहिलं.

२०२४ मध्ये ई-रोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चमूनं तब्बल ५,२५९ समूह घेतले. त्यांच्या वजनांचा काटा क्षीण भिंगावर लावून घेतला, आणि निकाल प्लँकशी जुळला. पण त्याआधी एकच वर्ष, २०२३ मध्ये, सुबारूवरच्या हायपर सुप्रीम-कॅमनं दीर्घिकांच्या आकारांवरून विश्वातला पदार्थ किती गुठळ्या करून आहे ते मोजलं होतं, तेव्हा आकडा प्लँकपेक्षा थोडा खाली आला होता. तंत्र एकाच घराण्यातलं, उत्तरं थोडी वेगळी. भांडण पूर्ण मिटलेलं नाही.

डोळ्यांवर पट्टी

आणि इथं मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट येते. हायपर सुप्रीम-कॅमच्या त्या मोजणीत पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांचाही महत्त्वाचा वाटा आहे. त्यांच्याकडे कॅमेरा आहे ८७ कोटी पिक्सेलचा, दुर्बिणीचा आरसा ८.२ मीटरचा. चुकायची भीती मात्र त्यांनाही माझ्याएवढीच. मग त्यांनी काय केलं?

उत्तर स्वतःपासूनच लपवलं. आकारांच्या एका यादीऐवजी तीन याद्या केल्या. एक खरी, दोन मुद्दाम थोड्या बिघडवलेल्या. खरी कुठली हे विश्लेषण करणाऱ्यांना माहीत नाही. तिन्हींवर सगळं गणित करायचं, सगळ्या चाचण्या करायच्या. आपसांत ठरवायचं की आता पाकीट उघडल्यावर काहीही निघो, बदल करायचा नाही. आणि मग उघडायचं. याला ब्लाइंडिंग म्हणतात. या क्षेत्रातल्या मोठ्या मोहिमा आता हे कुठल्या ना कुठल्या रूपात करतात.

का? तर हुशार आणि प्रामाणिक माणूससुद्धा न आवडलेलं उत्तर दहा वेळा तपासतो आणि आवडलेलं उत्तर एकदाच. मी तेच केलं होतं. हा अप्रामाणिकपणा नाही, पण परिणाम तोच होतो. ही माणसं स्वतःवरचा एवढा अविश्वास उघडपणे, सगळ्यांसमोर मान्य करतात. मला वाटतं, विज्ञानावर विश्वास ठेवायचं हे खरं कारण आहे.

आता पुढे

१ जुलै २०२३ ला युरोपचा युक्लिड उपग्रह अवकाशात गेला. तिथं हवाच नाही, त्यामुळे प्रतिमा थरथरत नाहीत. आणि चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं जून २०२५ मध्ये आपले पहिले फोटो दाखवले. तिचा कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे. तुमच्या फोनचा १०८ असेल तर वाईट वाटून घेऊ नका. ही वेधशाळा व्हावी म्हणून सुरुवातीपासून झटणारा माणूस कोण माहितीये? तेच अँथनी टायसन. १९९० मध्ये दोन समूहांभोवतीचं रिंगण दाखवणारे.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल, तर झूनिव्हर्स नावाच्या साइटवर "स्पेस वॉर्प्स" हा प्रकल्प शोधा. तो सुरू करणाऱ्या तीन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे आयुकातल्या अनुप्रीता मोरे. त्यात क्षीण नव्हे, तर जोरदार भिंगं शोधायची असतात. फोटो बघायचा आणि कुठं कमान दिसतेय का ते खुणेनं सांगायचं. रील बघण्यातली दहा मिनिटं तिकडे दिलीत तर काही बिघडणार नाही.

आणि हो, शेंगदाणे. समोरच्या दुकानात खरंच कमी भरले. मामा परत आला, तागडी उतरवली, उलटी केली. मालाच्या पारड्याखाली गुळाचा एक खडा चिकटून वाळला होता. म्हणजे त्या दिवशी, आणि कोण जाणे त्याआधी किती दिवस, प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या खड्याएवढा माल कमी गेला होता. मामानं आजींना पसाभर शेंगदाणे जास्तीचे घातले, कोमट पाण्यानं पारडं धुतलं. आणि त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा सकाळी दुकान उघडलं की तो आधी दोन्ही पारडी उलटी करून बघायचा. कुणी तक्रार केलेली नसतानाही.

कोपऱ्यातले ते तारे मी यादीत परत घातले. ढीग गेला. प्रकल्पात समूहाचं वजन तेवढं उरलं, तेही बऱ्याच मोठ्या चुकीच्या मर्यादेसह. मार्क बरे मिळाले.

प्रश्न असतील तर खाली लिहा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला उत्तरं देते. तोवर, आवडलेलं उत्तर एकदा जास्त तपासा. भेटूच!